लहान विमानतळांवरील धावपट्टीची सुरक्षितता : चिकलठाण्याच्या अनुभवाच्या आधारे एक विवेचन

१. प्रास्ताविक

विमान अपघात म्हटला की सामान्यतः आकाशात घडणारी घटना डोळ्यांसमोर येते. वस्तुतः अधिकांश अपघात उड्डाण व अवतरण या दोन टप्प्यांत, म्हणजेच धावपट्टीवर किंवा तिच्या आसपास घडतात. या टप्प्यांत जमिनीपासूनची उंची अल्प असते आणि चूक सुधारण्यास मिळणारा अवधी काही सेकंदांचाच असतो. मोठ्या विमानतळांवर या धोक्यांची दखल घेण्यासाठी स्वतंत्र यंत्रणा कार्यरत असते. लहान विमानतळ आणि तेथे ये-जा करणारी हलकी विमाने यांच्या बाबतीत मात्र हा विचार बहुधा 'धावपट्टी किती लांब आहे' या एकाच प्रश्नापाशी येऊन थांबतो.

सर्वसाधारणपणे ५,७०० किलोग्रॅमपर्यंत कमाल उड्डाणवजन असलेल्या विमानांना हलकी विमाने म्हटले जाते. वैमानिकांचे प्रशिक्षण, रुग्णांची वाहतूक, शासकीय व खासगी प्रवास यांसाठी त्यांचा उपयोग होतो. मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद), नांदेड, लातूर आणि धाराशिव येथे धावपट्ट्या आहेत. २०१६ मध्ये केंद्र शासनाने प्रादेशिक हवाई जोडणीची 'उडान' योजना जाहीर केल्यापासून देशभरातील अशा लहान धावपट्ट्यांकडे पुन्हा लक्ष वेधले गेले. विमानतळ हे जिल्ह्याच्या विकासाचे साधन आहे, याविषयी दुमत नाही. परंतु त्याच्या सुरक्षिततेची जबाबदारी नेमकी कोणाची, हा प्रश्न पुरेसा चर्चिला गेलेला नाही.

धावपट्टीवरील धोक्यांचा फार मोठा भाग धावपट्टीच्या बाहेर निर्माण होतो आणि त्याचे निवारण एकट्या वैमानिकाच्या किंवा विमानतळ प्रशासनाच्या हाती नसते, हे प्रस्तुत लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे. रस्ता, वीजवाहिनी, कचरा, मोकाट जनावरे आणि बांधकामे हे नागरी प्रशासनाचे विषय म्हणजेच धावपट्टीचेही विषय होत. या प्रतिपादनाचा सर्वांत दुःखद पुरावा आपल्याच शहराच्या इतिहासात नोंदला गेला आहे.

२. २६ एप्रिल १९९३ : घटना आणि निष्कर्ष

२६ एप्रिल १९९३ रोजी दुपारी एकच्या सुमारास इंडियन एअरलाइन्सचे ४९१ क्रमांकाचे विमान चिकलठाणा विमानतळावरून मुंबईकडे निघाले. बोइंग ७३७ जातीच्या या विमानात ११२ प्रवासी व ६ कर्मचारी, असे एकूण ११८ जण होते. पूर्वेकडे तोंड करून धावणाऱ्या या विमानाने धावपट्टीच्या अगदी अखेरीस जमीन सोडली. टोकापलीकडील रस्त्यावरून त्याच वेळी कापसाच्या दाबलेल्या गाठी घेऊन एक ट्रक चालला होता. विमानाचे डावे मुख्य चाक आणि डाव्या इंजिनाचा खालचा भाग रस्त्यापासून सुमारे सात फूट उंचीवर त्या ट्रकला धडकला. पुढे सुमारे तीन किलोमीटर अंतरावर विमान उच्च दाबाच्या वीजतारांना लागून कोसळले. या दुर्घटनेत ५५ जणांचा मृत्यू झाला.

अधिकृत चौकशीने दोन कारणे नोंदविली. वैमानिकांनी विमानाचे नाक उचलण्यास विलंब केला व त्यासाठी चुकीची पद्धत वापरली, हे पहिले कारण. उड्डाणाच्या वेळी बीड रस्त्यावरील वाहतुकीचे नियमन करण्यात तत्कालीन राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरणास आलेले अपयश, हे दुसरे. (हे प्राधिकरण १९९५ मध्ये भारतीय विमानतळ प्राधिकरणात विलीन झाले.)

अभ्यासाच्या दृष्टीने दुसरे कारण विशेष महत्त्वाचे आहे. ट्रकचालक सार्वजनिक रस्त्यावरून आपल्या मार्गाने चालला होता. रेल्वेगाडी येताना फाटक बंद होते, ही व्यवस्था आपल्या सर्वांच्या अंगवळणी पडलेली आहे. मात्र विमान उडताना रस्ता थांबविण्याची तशीच निश्चित व्यवस्था प्रत्यक्षात पाळली गेली नाही. वैमानिकाची चूक काही सेकंदांची होती. रस्त्याची त्रुटी मात्र प्रत्येक उड्डाणाच्या वेळी तेथे उपस्थित होती आणि वैमानिकाची चूक घडेपर्यंत कोणाच्या लक्षात येण्याचे कारण नव्हते.

सदर विमान हलके नव्हते, हे खरे. परंतु उन्हाळी हवा, उड्डाणासाठी अपुरे ठरणारे अंतर, टोकाजवळचा रस्ता आणि पुढील वीजतारा हे चारही घटक लहान धावपट्टीवरील हलक्या विमानास तितकेच, किंबहुना अधिक बाधक ठरतात. म्हणून त्यांचा क्रमाने विचार करणे इष्ट होईल.

३. उपलब्ध लांबी आणि आवश्यक लांबी

धावपट्टीची लांबी स्थिर असते. विमानाला लागणारी लांबी मात्र दररोज, किंबहुना प्रत्येक तासाला बदलते. हा फरक प्रामुख्याने हवेच्या घनतेमुळे पडतो. हवा विरळ झाली की पंखांची उचल कमी होते, पिस्टन इंजिनाची शक्ती घटते आणि इंजिनापुढील फिरत्या पंख्याची ओढही मंदावते. परिणामी विमानास अधिक वेगाने, म्हणजेच अधिक अंतर धावावे लागते आणि जमीन सोडल्यावरही ते सावकाश चढते.

चिकलठाणा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ५८२ मीटर, म्हणजे १,९११ फूट उंचीवर आहे. प्रमाण वातावरणानुसार या उंचीवर तापमान सुमारे ११ अंश सेल्सिअस असावयास हवे. एप्रिल-मे महिन्यांतील दुपारी ते ४० अंशांपर्यंत जाते. प्रमाण तापमानाहून अधिक असलेल्या प्रत्येक अंशामागे सुमारे १२० फूट, या प्रचलित ठोकताळ्याने हिशेब केल्यास हवेची घनता ५,४०० फुटांच्या आसपासच्या उंचीवर असावी तेवढीच उरते. यालाच घनता-उंची म्हणतात. थोडक्यात, उन्हाळ्यातील दुपारी विमान चिकलठाण्याच्या जमिनीवर उभे असले तरी ते कळसूबाईच्या शिखराच्या, म्हणजे ५,४०० फुटांच्या उंचीवर असल्याप्रमाणे वागते.

ब्रिटनच्या नागरी विमान वाहतूक प्राधिकरणाने हलक्या विमानांच्या वैमानिकांसाठी काढलेल्या मार्गदर्शक पत्रिकेत काही सोपी प्रमाणे दिलेली आहेत. उंचीच्या प्रत्येक १,००० फुटांस उड्डाणाचे अंतर सुमारे १० टक्के वाढते. तापमानातील प्रत्येक १० अंशांच्या वाढीस आणखी १० टक्के, तर वजनातील १० टक्के वाढीस २० टक्के अंतर अधिक लागते. उड्डाणवेगाच्या एक दशांश इतका वारा पाठीमागून असेल तर आणखी २० टक्के वाढ होते. हे घटक बेरजेने नव्हे, तर गुणाकाराने वाढतात, हे विशेष लक्षात घ्यावे.

समजा, समुद्रसपाटीवर १५ अंश तापमानात एखाद्या विमानास ५० फूट उंची गाठेपर्यंत ५०० मीटर लागतात. चिकलठाण्याच्या उंचीमुळे हे अंतर सुमारे ६०० मीटर होते. ४० अंश तापमानामुळे ते ७६० मीटरपर्यंत जाते. पाठीमागून ताशी पाच सागरी मैल, म्हणजे पाच नॉट इतका हलका वारा असेल तर ते ९१० मीटरच्या पुढे जाते. त्यावर शिफारस केलेला १.३३ हा सुरक्षागुणक लावल्यास आकडा १,२०० मीटर ओलांडतो. मूळ अंतराच्या ही जवळजवळ अडीचपट वाढ होय. चिकलठाण्याच्या सध्याच्या सुमारे २,८३५ मीटर लांबीच्या धावपट्टीवर हे अंतर सहज मिळते. बारा-तेराशे मीटरच्या धावपट्टीवर मात्र सकाळी सात वाजता सुरक्षित असणारे उड्डाण दुपारी दोन वाजता सुरक्षित राहत नाही, आणि हा बदल धावपट्टीकडे पाहून कळत नाही.

४. धावपट्टीच्या टोकापलीकडील भूमी

विमान पट्टी ओलांडून पुढे गेले तर त्यास थांबण्यास निर्वेध जागा असावी, म्हणून आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने शिकागो कराराच्या चौदाव्या परिशिष्टात काही मानके दिली आहेत. लांब धावपट्ट्यांच्या बाबतीत टोकापुढे प्रथम ६० मीटरची मोकळी पट्टी आणि त्यापुढे किमान ९० मीटरचे सुरक्षा क्षेत्र असणे अनिवार्य मानले आहे. शिफारस २४० मीटरची आहे. उपकरणांच्या साहाय्याविना वापरल्या जाणाऱ्या लहान धावपट्ट्यांसाठी मात्र केवळ ३० मीटरच्या सुरक्षा क्षेत्राची शिफारस आहे. २२ मे २०१० रोजी मंगळूर येथे (१५८ मृत्यू) व ७ ऑगस्ट २०२० रोजी कोळिकोड येथे (२१ मृत्यू) पठारावरील धावपट्टी ओलांडून विमाने दरीत गेली, तेव्हा या क्षेत्राचे महत्त्व देशास प्रकर्षाने जाणवले. लहान धावपट्टीच्या टोकाशी दरी नसते. तेथे बहुधा नाला, बांध, विहीर किंवा रस्ता असतो. हलक्या विमानाच्या पुढच्या नाजूक चाकास एक फूट खोलीची चरही उलटविण्यास पुरेशी ठरते.

उड्डाणमार्गातील अडथळ्यांबाबतही असेच मापदंड आहेत. मोठ्या धावपट्टीसमोर टोकापासून ६० मीटरवर सुरू होऊन दोन टक्के चढाने वर जाणारे एक काल्पनिक प्रतल मानले जाते आणि त्याच्या वर कोणतीही वस्तू नसावी, अशी अपेक्षा असते. टोकापासून २०० मीटरवर या प्रतलाची उंची केवळ २.८ मीटर भरते. गाठींनी भरलेला ट्रक सामान्यतः याहून उंच असतो. म्हणजे कागदावर मोकळा दिसणारा रस्ता, त्यावरून ट्रक जाताना अडथळा बनतो आणि ट्रक गेला की पुन्हा मोकळा होतो. नकाशात न दिसणारा हा फिरता अडथळा १९९३ च्या दुर्घटनेच्या मुळाशी होता.

सर्वांत लहान गटातील धावपट्ट्यांसाठी याच प्रतलाचा चढ पाच टक्के मानला आहे. चार आसनी, एक इंजिनी विमान समुद्रसपाटीवर मिनिटास सातशे फूट चढत असेल, तर वर सांगितलेल्या उन्हाळी हवेत ते साडेचारशे फुटांच्या आसपास चढेल. त्या वेगाचा विचार करता हा चढ साडेपाच टक्क्यांच्या जवळ येतो. मोजलेला अडथळा आणि प्रत्यक्ष उड्डाणमार्ग यांतील अंतर किती अल्प उरते, हे यावरून ध्यानात येईल.

अडथळ्यांत वीजतारा सर्वांत फसव्या असतात, कारण त्या दुरून दिसत नाहीत. २७ ऑगस्ट २०१९ रोजी उत्तर प्रदेशातील अलीगढजवळच्या धनीपूर धावपट्टीवर उतरताना एक लहान विमान वीजतारेत अडकून कोसळले व पेटले. सुदैवाने त्यातील सर्व जण बचावले. विमानतळांच्या परिसरातील बांधकामांच्या उंचीवर केंद्र शासनाच्या २०१५ च्या नियमांनी मर्यादा घातली असून त्यासाठी ना-हरकत प्रमाणपत्राची पद्धत ठरविली आहे. परंतु वीजखांब, मोबाइल मनोरे, झाडे व फलक हळूहळू वाढत जातात. परवानगी एकदा दिली जाते. वाढ मात्र दररोज होत असते.

५. पृष्ठभाग, पाऊस आणि वारा

मराठवाड्यातील काळी माती हा धावपट्टीच्या दृष्टीने स्वतंत्र विषय आहे. पावसाळ्यात ती फुगते व मऊ होते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. डांबरी पट्टीवरून कडेला उतरलेले हलके विमान पावसाळ्यात या मातीत रुतते व पुष्कळदा नाकावर येते. पट्टीच्या कडा उखडून खडी सुटली तर ती इंजिनापुढील पंख्याच्या पात्यांना इजा करते.

साचलेल्या पाण्यावर चाक तरंगू लागणे, म्हणजेच हायड्रोप्लेनिंग, हा धोका केवळ मोठ्या विमानांना असतो, असा एक समज आढळतो. प्रत्यक्षात हा वेग टायरमधील हवेच्या दाबावर अवलंबून असतो. दर चौरस इंचास पौंडांत मोजलेल्या दाबाच्या वर्गमुळास नऊने गुणले असता तो नॉटमध्ये मिळतो. २०० पौंड दाबाच्या टायरसाठी तो सुमारे १२७ नॉट, तर हलक्या विमानाच्या ३० पौंड दाबाच्या टायरसाठी केवळ ४९ नॉट येतो. अनेक हलकी विमाने साधारण याच वेगाने जमिनीस टेकतात. त्या क्षणी ब्रेक निरुपयोगी ठरतात आणि दिशाही हाती राहत नाही.

वाऱ्याचेही तसेच आहे. चिकलठाण्याची धावपट्टी पूर्व-पश्चिम असून तिची टोके ०९ व २७ या अंकांनी दर्शविली जातात. हे अंक होकायंत्रातील ९० व २७० अंश सुचवितात. नैर्ऋत्येकडून २२ नॉट वेगाने वारा वाहत असेल तर पश्चिमेकडे उतरणाऱ्या विमानास त्याचा आडवा घटक सुमारे साडेपंधरा नॉट जाणवेल. सेस्ना १७२ या प्रशिक्षणासाठी सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या विमानाच्या पुस्तिकेत चाचणीत सिद्ध झालेला आडवा वारा १५ नॉट दिलेला आहे. एकच धावपट्टी असलेल्या ठिकाणी दुसरी दिशा निवडण्याची सोय नसते. याशिवाय, जड प्रवासी विमानामागे राहणारे हवेचे भोवरे हलक्या विमानास उलटवू शकतात, म्हणून दोहोंचा सामाईक वापर असलेल्या धावपट्टीवर काही मिनिटांचे अंतर राखावे लागते.

६. धावपट्टीवरील आगंतुक

माणूस, वाहन किंवा जनावर धावपट्टीवर अवेळी येणे हा तिसरा मोठा गट होय. ६ नोव्हेंबर २०१४ रोजी सुरत येथे प्रवासी विमान उड्डाणासाठी धावत असताना म्हशीला धडकले. ४ डिसेंबर २०१५ रोजी जबलपूर येथे उतरणाऱ्या विमानासमोर रानडुकरे आली. १५ फेब्रुवारी २०२० रोजी पुण्यात धावपट्टीवरील जीप व माणूस चुकविण्यासाठी वैमानिकास वेळेआधीच विमान उचलावे लागले व त्याच्या मागील भागास हानी पोहोचली. ही सर्व विमाने मोठी होती व त्यांतील प्रवासी वाचले. हलक्या विमानास मात्र म्हशीची आवश्यकता नसते. एक कुत्राही पुरेसा होतो.

कुंपण तोडणारा गुराखी गुन्हेगार असतोच असे नाही. लहान धावपट्टी महिनोन्महिने रिकामी दिसते. तिच्या कडेचे गवत हा दुष्काळी भागातील मौल्यवान चारा असतो आणि दोन वस्त्यांमधील जवळची वाटही तिच्यावरूनच जाते. पर्यायी वाट व चाऱ्याचा प्रश्न सोडविल्याविना उभारलेले कुंपण फार काळ टिकत नाही.

पक्ष्यांचा प्रश्नही नागरी व्यवस्थेशी निगडित आहे. विमानतळाच्या केंद्रबिंदूपासून दहा किलोमीटरच्या आत कचरा टाकणे, जनावरांची कत्तल करणे व कातडी सोलणे यांस विमान नियम, १९३७ मधील ९१ व्या नियमाने प्रतिबंध केला. घारी अशा ठिकाणी जमतात, हे त्यामागील कारण होय. आपल्या शहराचा नारेगाव येथील कचरा डेपो याच परिघात होता आणि तेथे अनेक वर्षे शहराचा कचरा उघड्यावर साचत गेला. फेब्रुवारी २०१८ मध्ये परिसरातील ग्रामस्थांनी कचऱ्याच्या गाड्या अडविल्या, तेव्हा हा विषय ऐरणीवर आला. आरोग्य, भूजल व दुर्गंधी यांच्या जोडीने हा हवाई सुरक्षिततेचाही प्रश्न होता. तो मुद्दा मात्र त्या चर्चेत मागेच राहिला.

७. मनोऱ्याविना विमानतळ

अनेक लहान धावपट्ट्यांवर नियंत्रण मनोरा नसतो, किंवा असला तरी तो ठराविक वेळेपुरताच कार्यरत असतो. अशा ठिकाणी वैमानिक सामाईक रेडिओवरून स्वतःची स्थिती जाहीर करतात आणि एकमेकांस पाहून मार्ग ठरवितात. या पद्धतीची मर्यादा दर्शविणारे उदाहरण अमेरिकेतील आहे. १९ नोव्हेंबर १९९६ रोजी इलिनॉय राज्यातील क्विन्सी या मनोरा नसलेल्या विमानतळावर उतरणाऱ्या विमानाने, धावपट्टीशी असलेले विमान थांबणार आहे की उड्डाण करणार आहे, असे विचारले. उत्तर दिले ते उड्डाणासाठी सिद्ध असलेल्या विमानाने नव्हे, तर त्याच्या मागे उभ्या असलेल्या तिसऱ्याच लहान विमानाच्या वैमानिकाने. त्या उत्तरावर विसंबून विमान उतरले आणि एकमेकींना छेदणाऱ्या दोन धावपट्ट्यांच्या संगमावर टक्कर झाली. दोन्ही विमानांतील सर्व १४ जण मृत्युमुखी पडले. उत्तर देणारा कोण, हे निश्चित न करणे ही येथील मूलभूत उणीव होती. प्रशिक्षणार्थींची वर्दळ असलेल्या धावपट्टीवर हा धोका अधिक संभवतो.

८. उपाययोजना

उपर्युक्त विवेचनावरून पुढील उपाय सुचविता येतील.

(अ) प्रत्येक उड्डाणापूर्वी त्या वेळचे तापमान, वारा व वजन यांनुसार आवश्यक अंतराचा लेखी हिशेब करावा. एप्रिल-मे महिन्यांतील दुपारचे तास आखूड धावपट्ट्यांवर शक्यतो टाळावेत.

(आ) धावपट्टीच्या टोकाशी असलेला रस्ता वळविणे किंवा भुयारी मार्गाने नेणे हा कायमचा उपाय होय. तो होईपर्यंत फाटक, दिवा व त्यासाठी नेमलेला जबाबदार कर्मचारी असावा. टोकापुढे जागा नसल्यास विमानाच्या भाराने चुरा होऊन त्याचा वेग शोषणाऱ्या विशेष काँक्रीटच्या थराचा पर्याय उपलब्ध आहे.

(इ) दिवसातील पहिल्या उड्डाणापूर्वी व प्रत्येक मोठ्या पावसानंतर धावपट्टीची पायी किंवा वाहनाने पाहणी व्हावी आणि तिची नोंद ठेवावी.

(ई) अडथळ्यांचे सर्वेक्षण नियमितपणे व्हावे आणि महापालिका, ग्रामपंचायती, वीज कंपनी व सार्वजनिक बांधकाम विभाग यांना त्याचे नकाशे द्यावेत.

(उ) थोडक्यात टळलेल्या घटनांची नोंद शिक्षेच्या भीतीविना करता यावी. ट्रक व विमान यांची चुकामूक झालेली प्रत्येक दुपार ही पूर्वसूचनाच असते.

येथे महाविद्यालयांनाही कार्य आहे. भूगोल विभागास धावपट्टीभोवतीच्या भूवापराचे नकाशे तयार करता येतील. प्राणिशास्त्र विभागास ऋतुमानानुसार पक्ष्यांची गणना, तर भौतिकशास्त्र विभागास घनता-उंचीची मासिक कोष्टके सिद्ध करता येतील. लोकप्रशासन व अर्थशास्त्राच्या अभ्यासकांपुढे भूसंपादनाचा प्रश्न आहेच. चिकलठाणा, मुकुंदवाडी व मूर्तिजापूर परिसरातील जमीन विस्तारासाठी संपादित करण्याचा विषय दीर्घकाळ चर्चेत राहिलेला आहे. वस्ती कुंपणापर्यंत येऊ द्यावयाची आणि मग सुरक्षिततेच्या नावाने ती हलवावयाची, या क्रमात नियोजनाच्या अभावाची किंमत अल्प उत्पन्न गटातील रहिवासी मोजतात. वेळीच राखलेली मोकळी जमीन हा सर्वांत स्वस्त व सर्वांत न्याय्य सुरक्षा-उपाय आहे.

९. समारोप

धावपट्टीची सुरक्षितता ही केवळ वैमानिकाच्या कौशल्याची किंवा डांबरी पट्टीच्या लांबीची बाब नाही. हवेचे तापमान, टोकापुढील भूमी, रस्त्यावरील वाहतूक, वीजतारा, कचरा व चराई हे सर्व तिचे घटक आहेत आणि त्यांतील बहुतेक विमानतळाच्या कुंपणाबाहेर आहेत. १९९३ च्या चौकशीने वैमानिकाची चूक आणि रस्त्याचे नियमन यांना एकाच निष्कर्षात स्थान दिले, यातच पुढील धोरणाची दिशा आहे. माणसाकडून चूक होणार, हे गृहीत धरून व्यवस्थेने तिला पोटात घेण्याइतकी मोकळी जागा ठेवली पाहिजे. राज्यात लहान विमानतळांचा विस्तार होत असताना धावपट्टीच्या लांबीइतकाच तिच्या टोकापुढील दोन-तीनशे मीटर जागेचा विचार नियोजनाच्या प्रारंभीच झाला, तर त्या ५५ मृत्यूंपासून आपण काही शिकलो, असे म्हणता येईल.